चार ओळींची बातमी आणि सत्तर कपकेक

पोस्ट मोठी आहे. निवडणुकीवर नाही, हे आधीच सांगतो. ज्यांना उमेदवारांचं वाचायचं असेल त्यांनी पुढे जावं, ते उद्यापासून आहेच.

शुक्रवारी, २५ ऑक्टोबरच्या अंकात माझी एक चार ओळींची बातमी आली. 'शाळेत भुतांची पार्टी, पालकांत नाराजी'. आपल्या गावातल्या एका इंग्रजी शाळेने लहान गटाच्या मुलांसाठी दिवाळीच्या सुट्टीआधी शनिवारी हॅलोविन ठेवलं होतं. मुलांनी भुताचे कपडे घालून यायचं आणि खाऊ म्हणून भुताखेतांच्या आकाराचे चॉकलेट कपकेक. पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, दिवाळी तोंडावर आली आणि आपली पोरं भुतं कसली करतात? इथपर्यंत ठीक, मत आहे. पण त्याच मेसेजखाली दुसऱ्याने कर्नाटकातली एक बातमी चिकटवली आणि वर आपलं वाक्य टाकलं: 'घरगुती केकमधून कॅन्सर.' दोन्ही फिरत फिरत माझ्याकडे आले. मी दोन्ही एकत्र करून शेवटची ओळ लिहिली, 'केकमधील रंगांबाबतही पालकांनी चिंता व्यक्त केली.' उमेदवारी अर्जांची धावपळ होती. कपकेकची ऑर्डर ज्या ताईंकडे होती त्यांना फोन केला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी ऑर्डर रद्द झाली. सत्तर नग, ४५ रुपयांप्रमाणे ३,१५० रुपये. हजाराचा अॅडव्हान्स ताईंनी त्याच रात्री परत पाठवला. शनिवारी पार्टी झालीच! मुलं भुतं होऊन आली आणि खाऊ म्हणून दुकानातून पाकिटं आणली. त्यातल्या नारिंगी जेलीचं रिकामं पाकीट मी मुद्दाम मागून घेतलं. मागे बारीक अक्षरात रंगाचा नंबर आहे, आयएनएस ११०. म्हणजे सनसेट यलो. ज्या रंगाला घाबरून घरचा केक नाकारला, तोच पाकिटातून मुलांच्या पोटात गेला. आणि भुतंही गेली नाहीतच.

कर्नाटकची मूळ बातमी मी नंतर नीट वाचली. आधी वाचायला हवी होती, मान्य. ऑक्टोबर २०२४ च्या सुरुवातीला तिथल्या अन्न सुरक्षा विभागाने केकच्या २३५ नमुन्यांचे निकाल सांगितले. २२३ नमुने खाण्यायोग्य निघाले. १२ मध्ये कृत्रिम रंग मर्यादेपेक्षा जास्त सापडले. हे रंग सरसकट बंदी असलेले नाहीत, प्रमाणात वापरायला परवानगी आहे. आपल्याकडे तयार केकमध्ये ती मर्यादा किलोमागे १०० मिलिग्रॅम. बातमीत 'घरगुती' हा शब्दच नव्हता. तो कुणीतरी घातला आणि मी छापलेल्या ओळीने त्याला शाई मिळाली.

यावर वाचताना हॅलोविनचाच एक किस्सा हाती लागला. हा सण मूळचा आयर्लंड-स्कॉटलंडकडचा, शेतीचा हंगाम संपून हिवाळा लागतानाचा. तिकडे सलगम कोरून दिवे करायचे. आयरिश लोक अमेरिकेत गेले, तिथे भोपळा मोठा आणि कोरायला सोपा, म्हणून भोपळा आला. अमेरिकेत पोरं दारोदार फिरून खाऊ मागायची तेव्हा घरोघरी केलेल्या कुकीज आणि साखरेच्या पाकातली सफरचंदंही मिळायची. मग अफवा सुरू झाल्या, कुणी खाऊत विष घालतं, कुणी ब्लेड. १९७४ मध्ये टेक्सासात एक मुलगा खरंच विषारी खाऊने गेला. तपासात निघालं की विष घालणारा त्याचा बापच, विम्याच्या पैशांसाठी. जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञांनी अनेक वर्षांच्या बातम्या तपासल्या. अनोळखी माणसाने वाटलेल्या खाऊतून मूल दगावल्याचं एकही सिद्ध उदाहरण त्यांना मिळालं नाही. पण शेजारणीच्या हातची कुकी दारावरून गेली ती गेलीच. आता तिकडे पोरांच्या पिशवीत पडतो तो कंपनीच्या पाकिटातला खाऊ.

काल, रविवारी, ताईंकडे गेलो. एसटी स्टँडमागची गल्ली, दोन खोल्या, ओट्यावर एक ओटीजी. वीज जाते म्हणून स्पंजचा निम्मा भाग कुकरमध्ये, शिट्टी आणि रिंग काढून, तळाला मीठ घालून. मला वाटलं होतं दार लावून घेतील. म्हणाल्या, "भाऊ, एक फोन तरी करायचा होता." एवढंच. मग बसा म्हणाल्या आणि फ्रिज उघडून दाखवला. निम्मे कपकेक सजवून झाले होते, निम्मे तसेच.

मी विचारत गेलो, त्या सांगत गेल्या. अंडं नाही, दही आणि खाण्याचा सोडा. कोळ्याचं जाळं करायचं तर वर पातळ केलेलं काळं चॉकलेट ओतायचं, ते ओलं असतानाच पांढऱ्याची गोल गोल वर्तुळं कोनने काढायची आणि मधून बाहेर टूथपिक ओढत जायचं. आठ रेघा ओढल्या की जाळं तयार. बोलता बोलता एक करूनही दाखवलं, मिनिटही लागलं नाही. कोळी म्हणजे मारी बिस्किटांचा चुरा, कंडेन्स्ड मिल्क आणि कोको मळून केलेला गोळा, त्याला बटर पेपरवर काढून गार केलेले चॉकलेटचे पाय. चॉकलेट पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवायचं, पण आत पाण्याचा थेंब गेला की गचका होतो आणि सगळं वाया. भूत परदेशात मार्शमेलोचं करतात. त्यात जिलेटिन असतं, वर्गात शाकाहारी घरची पोरं बरीच, म्हणून ताईंनी मिल्क पावडरचा पेढा वळून त्याचं भूत केलं होतं, कोकोचे दोन डोळे लावून. पेढ्याचं भूत! संस्कृती बुडाली म्हणणाऱ्यांनी हे एकदा बघायला हवं होतं.

केकमध्ये लाल भोपळा किसून होता. घारग्यांना आणला होता, त्यातलाच. रंग फक्त वरच्या छोट्या भोपळ्याला, टूथपिकच्या टोकावर येईल एवढा. बाटली मी पाहिली. परवाना क्रमांक, रंगाचा नंबर, मुदत, सगळं छापलेलं.

आता ताईंबद्दलही एक गोष्ट सांगतो, त्यांना तोंडावर सांगितलीच आहे. यादीत 'चॉकलेट कपकेक' लिहितात, वरचा थर मात्र कंपाउंडचा. म्हणजे कोको बटरच्या जागी दुसरं वनस्पतीचं तेल. त्यांची अडचण मला कळते. खरं चॉकलेट दुपटीहून महाग, आणि २०२४ मध्ये तर कोको जगभर भडकला. आयव्हरी कोस्ट आणि घानामध्ये पीक बिघडलं, त्या वर्षी मार्चमध्ये टनाचा भाव दहा हजार डॉलरच्या वर गेला. शिवाय कोको बटर अंगाच्या उष्णतेलाच वितळतं. आपल्या ऑक्टोबर हीटमध्ये शाळेपर्यंत कोळ्याचे पाय उरले नसते. कंपाउंड म्हणजे विष नव्हे. पण आहे ते लिहायला हवं. ताईंची अन्न सुरक्षेची नोंदणी आहे, तिचा नंबर डब्यावर नाही. का, तर "छापायला कोण देतं भाऊ, स्टिकरचा खर्च." पेनाने लिहा म्हटलं. हो म्हणाल्या.

आणि ज्यांची नोंदणी नाही त्यांनी करून घ्या. २०११ च्या नियमांत छोट्या व्यावसायिकाला वर्षाला १०० रुपये फी ठेवली होती, अर्ज ऑनलाइन होतो. गावात अशा किमान पंधरा-वीस बायका मला माहीत आहेत. वाढदिवसाच्या केकवर कुणाची फी निघते, कुणाचा गॅस. ऑर्डर देताना त्यांना विचारा ना! कोणता रंग, किती, कंपाउंड की चॉकलेट, नोंदणी क्रमांक काय. समोरासमोर विचारता येतं, हाच तर घरच्या केकचा फायदा. पाकिटाला विचारून बघा. ग्रुपवर न विचारता ऑर्डर मोडणं हे मात्र मला सावधपणा वाटत नाही. बाईचा हात दोन दिवस कणकेत असतो, तिचं नुकसान कुठल्याच ग्रुपवर फॉरवर्ड होत नाही.

राहिलं हॅलोविन. शाळेने ते करावं का? मला विचाराल तर नसतं केलं तरी चाललं असतं. तीन-चार वर्षांच्या पोराला कवटीचा मुखवटा घालून काय मिळतं, कळत नाही. शिवाय ड्रेस भाड्याने आणायचा खर्च पालकांवर, त्याची सूचना दोन दिवस आधी. यावर शाळेला धारेवर धरा, मी बातमी देतो, या वेळी फोन करून. पण भुतं आपल्याला नवीन आहेत असं कुणी सांगू नये. २०२४ मध्ये हॅलोविन ज्या ३१ तारखेला आलं त्याच पहाटे आपली नरकचतुर्दशी होती. गोव्यात आदल्या रात्रभर अक्राळविक्राळ नरकासुर गल्लोगल्ली मिरवतात आणि पहाटे जाळतात. पोरं तिथे घाबरत नाहीत, नाचतात.

निघताना ताईंनी डब्यात चार कपकेक दिले. पैसे द्यायला लागलो तर घेतले नाहीत. मग मी भाऊबीजेसाठी वीसची ऑर्डर दिली, ४५ प्रमाणेच. ते भूत आणि कोळी नकोत म्हटलं तर हसल्या. उरलेल्या सजवलेल्यांचं काय करणार विचारलं, तर गल्लीतली पोरं सकाळपासून दारात घुटमळतायत म्हणाल्या.

खुलाशाची बातमी काल रात्रीच पाठवली आहे. चारच ओळी आहेत. उद्या अर्जांचा शेवटचा दिवस, पानं सगळी त्यातच जाणार, डेस्कवरून अजून काही कळलेलं नाही. मूळ बातमी ज्यांनी फिरवली त्यांनी निदान हे तरी त्याच ग्रुपवर टाकावं.