उसवण्याआधी शिवण पाहा

गोधडीला जुनंच कापड लागतं. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्यातून धावदोऱ्याची सुई सहज जाते. कोऱ्या, खळ असलेल्या कापडाशी बोटं झगडतात. म्हणून तर चांगली लुगडी बोहारणीला न देता मागे ठेवली जात.

या अंकात आम्ही जुन्या स्वेटरकडे वळलो आहोत. जुन्या बाजारात उसवण्यासाठी स्वेटर घेताना आधी तो उलटा करा आणि बाजूची शिवण पाहा. विणलेल्या कडा नुसत्या टाक्यांनी जोडलेल्या असतील, तर लोकर सलग निघते. ओव्हरलॉक असेल तर विणलेलं कापड कापून शिवलेलं असतं, आणि दर ओळीला तुकडाच हाती येतो. उसवलेल्या लोकरीची लड बांधून कोमट पाण्यात भिजवा, टांगून वाळवा. वळ्या बऱ्याच सरळ होतात. धुण्यात आटून घट्ट झालेला लोकरी स्वेटर मात्र उसवत बसू नका. तो कापून पिशवी शिवा, त्याच्या कडा सुटत नाहीत.

पानिपतच्या गिरण्या देशोदेशीचे टाकलेले लोकरी कपडे पिंजून, पुन्हा सूत कातून ब्लँकेटं करतात. मोठंच काम आहे ते. पण यंत्रात तंतू तुटून आखूड होतो. हाताने उसवलेला धागा अखंड राहतो. चांगली लोकर तरी घरीच उसवावी, असं मला ठामपणे वाटतं.