मिटलेले फुप्फुस, न मिटणारी धास्ती

कर्जत म्हटले की मुंबईकरांना घाटाखालचे स्टेशन आठवते. आपण बोलतो आहोत ते अहिल्यानगर जिल्ह्यातले, ज्वारीचे आणि कोरड्या वाऱ्याचे कर्जत. जिल्ह्याचे ठिकाण तेथून सुमारे ७० किलोमीटर. ज्या घरातल्या मुलाचे फुप्फुस दोनदा मिटले, त्या घराला हे अंतर झोपेतही आठवते. आकाशकंदील टांगायला तो शिडीवर चढला, तरी आईचा जीव वरखाली होतो.

फुप्फुसाभोवतीच्या आवरणांमध्ये हवा शिरली की फुप्फुस आक्रसते. एकाएकी कळ येते, धाप लागते. उंच, सडपातळ तरुण, विडी-सिगारेट ओढणारे, क्षयाचे वण राहिलेले, यांना धोका अधिक. नळीने हवा काढली की ते पुन्हा फुलते. पण साधारण तिघांत एकाला दुखणे उलटते. मग शस्त्रक्रियेने फुप्फुस छातीला चिकटवून टाकतात. त्यानंतरही काहींना ओढ, बधिरपणा वर्षानुवर्षे जाणवतो.

नवल असे की, स्ट्रेप्टोमायसिन येण्यापूर्वी क्षयाचे डॉक्टरच सुईने हवा भरून फुप्फुस मुद्दाम मिटवीत, त्याला विसावा मिळावा म्हणून! तशा स्थितीतही माणसे हिंडत-फिरत.

तेव्हा मुलाला काचेच्या भांड्यासारखे जपू नका. जखम भरून डॉक्टरांनी मोकळीक दिली, की चालू द्या, कामाला जाऊ द्या. लग्नाच्या बोलण्यांत दुखणे लपवू नका. विडी मात्र कायमची सुटावी, पाणबुड्याचा उद्योग नको, विमानप्रवासापूर्वी डॉक्टरांना विचारावे. प्रत्येक टोचणी म्हणजे संकट नव्हे; पण कळ आणि धाप जोडीने आली, तर उजाडण्याची वाट न पाहता गाडी काढावी.