गोदाकाठचा सिंह आणि काश्मीरचे पंडित

मंडळी, या शनिवारी जरा जुना विषय. किती जुना, तर जवळजवळ दोन हजार वर्षं. पण घाबरू नका, व्याकरण नाही :)

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि 'गाथासप्तशती' हे नाव पुन्हा ऐकू आलं. रंगनाथ पठारे समितीने मराठीचं वय दाखवायला जे पुरावे मांडले, त्यातला हा एक मोठा पुरावा. हाल सातवाहनाच्या नावावर असलेला, महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे छोट्या कवितांचा संग्रह. आपण अभिमानाचे मेसेज फॉरवर्ड केले, आणि मग पुस्तकाचं जन्मदाखल्यासारखं झालं. काम झालं की फाईलमध्ये!

माझं म्हणणं एवढंच, की हा दाखला नाही, ही कविता आहे. आणि ती आपल्यापेक्षा लांबच्या लोकांनी जास्त मन लावून वाचली.

एकच उदाहरण घ्या. गोदावरीकाठच्या झाडीत एक बाई प्रियकराला भेटते. एक देवभोळा माणूस नेमका तिथेच फुलं तोडायला येतो. तो कुत्र्याला घाबरतो. ती त्याला सांगते, आता खुशाल हिंडा, तो कुत्रा मेला. झाडीतल्या सिंहाने त्याला मारलं. बस, एवढीच गाथा! तोंडाने 'या', आणि अर्थ 'चुकूनही फिरकू नका'.

नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त हीच गाथा घेतली. शब्द एक सांगतात आणि कविता दुसरंच सुचवते, ही 'ध्वनी'ची कल्पना समजवायला. अकराव्या शतकात महिमभट्ट म्हणाला, ध्वनी वगैरे काही नाही, हे साधं अनुमान आहे. भित्रा माणूस सिंह असेल तिथे जाणारच नाही. त्यावर मम्मटाचं उत्तर वाचण्यासारखं आहे. भित्रा माणूससुद्धा गुरूच्या आज्ञेने किंवा प्रेमापोटी जाईल. एखादा कुत्र्याला टाळणारा माणूस सिंहाला घाबरणारही नाही. आणि मुळात सिंह आहे कशावरून? फक्त बाईच्या बोलण्यावरून! कोड रिव्ह्यूमध्ये इतका कीस कोणी काढत नाही :)

पुढे बाराव्या शतकात बंगालमध्ये गोवर्धनाने याच धर्तीवर संस्कृतात 'आर्यासप्तशती' लिहिली. बर्लिनच्या आल्ब्रेश्ट वेबरने १८७० मध्ये काही भाग आणि १८८१ मध्ये संपूर्ण गाथा छापल्या. स. आ. जोगळेकरांची मराठी आवृत्ती १९५६ ची, अरविंद कृष्ण मेहरोत्रांचे इंग्रजी अनुवाद १९९१ चे.

या सगळ्यांचे उपकार आहेतच, पण एक गोची आहे. टीकाकार बहुतेक गाथांच्या आधी सांगून टाकतात, कोण कोणाला म्हणतंय. मूळ गाथेत बहुधा नाव नसतं, गाव नसतं. टीका म्हणते, ही चोरटी भेट ठरवतेय. मग पाऊस, कपाशीचं शेत, परगावी गेलेला नवरा, सगळं त्या एकाच चौकटीत बसवलं जातं. युरोपात व्हर्जिलचंही असंच झालं. पिढ्यान्‌पिढ्या लोक त्याला सर्वियसच्या टीकेसकट वाचत राहिले, आणि ख्रिस्ताच्या आधी चाळीसेक वर्षं लिहिलेल्या त्याच्या एका कवितेत ख्रिस्ती वाचकांना ख्रिस्तजन्माची भविष्यवाणी दिसली.

आम्हा प्रोग्रामरना हे लगेच कळतं. कॉमेंट उपयोगी असते, पण प्रोग्राम चालतो तो कोडवर. आधी कोड वाचावा, मग कॉमेंट.

आणि इथे आपल्याकडे एक जास्तीची गोष्ट आहे. आमच्या पालम तालुक्यात गोदावरी रोजच्या जगण्यातली आहे. काश्मीरच्या पंडितांना सिंह तर्काने तपासावा लागला. गोदाकाठच्या माणसाला ती थाप ऐकल्या ऐकल्या हसू येईल. हे हसणंसुद्धा वाचनच आहे, आणि ते या पुस्तकाच्या वाट्याला फार कमी आलंय. माझ्या दहा वर्षांच्या शाळेत एकही गाथा भेटली नाही.

अभिजात दर्जामुळे संशोधन केंद्रं, पदं, पुरस्कार येतील, यावेत. पण भाषा टिकते ती वाचल्याने. जोगळेकरांची आवृत्ती लायब्ररीत मिळाली तर आठवड्याला पाच गाथा वाचून बघा. टीपेवर हात ठेवा, आधी स्वतः अर्थ लावा, मग हात उचला. पटलं नाही तर भांडा टीकाकाराशी. महिमभट्ट भांडलाच की!