मेंदूचे अर्बुद आणि ‘प्रतिकारशक्ती वाढविण्या’चा आग्रह

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात मेंदूच्या अर्बुदावर उपचार घेणारा रुग्ण अंधेरी, बोरिवली, मुलुंड वा घाटकोपर येथील घरी परतला की त्याचे नातेवाईक पुष्कळदा आपल्यापैकी कोणाच्या तरी चिकित्सालयाची अथवा औषधी दुकानाची पायरी चढतात. मागणी ठरलेली असते : प्रतिकारशक्ती वाढेल असे काही द्या. आणि गुळवेल, अश्वगंधा, च्यवनप्राश तत्परतेने दिले जातात. ही तत्परता आता तपासून पाहावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या प्रतिकारपेशींचा कायम वास असतो. १९१९ साली स्पॅनिश शास्त्रज्ञ पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी त्यांना स्वतंत्र ओळख दिली. ग्लायोब्लास्टोमा हे प्रौढांतील अत्यंत घातक अर्बुद रासायनिक संदेशांद्वारे या पेशींना, तसेच रक्तातील मोनोसाइट पेशींना आपल्याकडे ओढून घेते. कित्येक अर्बुदांत एकूण पेशींपैकी तिसरा हिस्सा, क्वचित निम्म्यापर्यंत, याच पेशींचा असतो. तेथे त्या शत्रूशी लढत नाहीत. उलट जखम भरून काढावी तशा अर्बुदास पोषक द्रव्ये पुरवितात, नव्या रक्तवाहिन्यांना चालना देतात आणि खऱ्या लढवय्या टी-पेशींना निष्प्रभ करतात. पहारेकरीच फितूर व्हावेत, तसा हा प्रकार आहे.

रसायनचिकित्सेसही याचा अडथळा होतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत किरणोपचारास टेमोझोलोमाइडची जोड दिल्यावर मध्यम आयुर्मान १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेले. लाभ खरा, पण मर्यादित. अर्बुदपेशी औषधाने झालेली हानी स्वतः दुरुस्त करतात हे त्याचे एक कारण, आणि भोवतालच्या प्रतिकारपेशींचे स्राव त्यांना तगून राहण्यास मदत करतात हे दुसरे.

केवळ प्रतिकार चेतविल्याने भागत नाही, हेही दिसून आले आहे. उलटलेल्या ग्लायोब्लास्टोमात निव्होलुमॅब या औषधाने आयुर्मान वाढले नाही, असा निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाला. याउलट पवईच्या आय.आय.टी.त उगम पावलेल्या व टाटा रुग्णालयाच्या सहकार्याने सिद्ध झालेल्या नेक्सकार-१९ उपचारास २०२३ साली मान्यता मिळाली, ती विशिष्ट रक्तकर्करोगांसाठी. त्यात रुग्णाच्याच टी-पेशींना नेमके लक्ष्य शिकविले जाते. प्रश्न बळाचा तितकाच दिशेचा आहे.

आपल्या शास्त्रास हे अपरिचित नाही. चक्रपाणींनी व्याधिक्षमत्वाचा अर्थ व्याधीच्या बळास विरोध व व्याधीच्या उत्पत्तीस प्रतिबंध असा दुहेरी सांगितला. सरसकट वृद्धी असा नव्हे. धातू वाढला म्हणजे आरोग्य वाढले, असे कोणताही वैद्य म्हणणार नाही. मग ‘इम्युनिटी’च्या बाबतीतच तसे का म्हणावे?

रसायने निरुपद्रवी आहेत, दिली तर बिघडते काय, असा युक्तिवाद होईल. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ साली गुळवेल घेणाऱ्या ६ रुग्णांतील यकृतविकारांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला व वनस्पतीच्या ओळखीचा प्रश्न उपस्थित केला. वाद काहीही असो, टेमोझोलोमाइडही यकृतावर व रक्तपेशींवर परिणाम करते. अशा वेळी नोंद न ठेवता दिलेले द्रव्य पुढील बिघाडाचे कारण शोधणेही कठीण करते.

आपल्या द्रव्यांना येथे स्थानच नाही, असे आम्हांस म्हणावयाचे नाही. जर्मनीत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ४४ रुग्णांच्या चाचणीत किरणोपचाराच्या काळात शल्लकीचा अर्क दिला असता मेंदूवरील सूज लक्षणीयरीत्या कमी झाली. अर्बुद बरे होते, असा दावा त्यात नव्हता. नेमका प्रश्न व मोजलेले उत्तर, हाच आपल्यासाठी पुढचा मार्ग होय.

तोवर वैद्यांनी अशा रुग्णाचे रुग्णालयीन कागद पाहिल्याखेरीज रसायन देऊ नये. दिल्यास नाव, मात्रा व काळ लिहून ती चिठ्ठी कर्करोगतज्ज्ञांपर्यंत पोहोचवावी. सुजेसाठी चालू असलेले स्टेरॉइड आपल्या सल्ल्याने कधीही थांबवू नये. औषधी दुकानदारांनी गुळवेलीचा माल खात्रीच्या पुरवठादाराकडूनच घ्यावा, आणि १९५४ च्या कायद्याने कर्करोग व मेंदूच्या विकारांवरील औषधांच्या जाहिरातींना बंदी आहे, हे फलक लावण्यापूर्वी आठवावे. नातेवाइकांना ‘थांबा, आधी विचारू या’ असे सांगितल्याने एखादी बाटली कमी खपेल. वैद्यावरील विश्वास मात्र टिकेल.