मूर्ती पूजनीय, मूर्तिकार अनाम

कामठीच्या ड्रॅगन पॅलेस मंदिरातील चंदनी बुद्धमूर्तीपुढे १९९९ पासून असंख्य लोक नतमस्तक झाले आहेत. मंदिर कोणी उभारले, जपानच्या ओगावा सोसायटीने त्यासाठी साहाय्य कसे केले, हे पुष्कळांना ठाऊक असते. मूर्ती कोणाच्या हातांनी कोरली, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. हा दोष एकट्या कामठीचा म्हणता येणार नाही. देव आणि दाता यांचे स्मरण ठेवावे व घडविणाऱ्यास विसरावे, ही आपल्या समाजाची जुनीच रीत आहे.

या रीतीला अपवाद म्हणून अलिबागजवळच्या सासवणे गावातील करमरकर शिल्पालयाकडे बोट दाखविता येईल. विनायक पांडुरंग करमरकर (१८९१-१९६७) यांचा हात घरच्या गणेशमूर्तींच्या मातीवरच वळला. कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस त्यांचे गुण पडले, म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत पोहोचले. पुण्यातील शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा (१९२८) ही त्यांचीच कृती. आज त्यांच्या राहत्या घरी त्यांची शिल्पे जतन केलेली आहेत. परंतु त्यांना संधी मिळाली ती एका अधिकाऱ्याच्या गुणग्राहकतेमुळे आणि स्मृती टिकली ती कुटुंबीयांच्या निष्ठेमुळे. ज्याला ना असा अधिकारी भेटला, ना ज्याच्यामागे स्वतःचे घर राहिले, त्या मूर्तिकाराचे काय?

नागपूरच्या चितार ओळीत असे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या राबत आले आहेत. त्यांची कृती मातीची. पूजा आटोपली की ती पाण्यात विरते. माती, बांबू, रंग यांसाठी पैसा आधी घालावा लागतो, विक्री मात्र मोजक्या दिवसांत उरकावी लागते. चतुर्थी उलटली की न खपलेल्या मूर्तीला मोल उरत नाही. ज्या मालाला उद्याचा बाजारच नाही, त्याचा भाव भांडवल हाती असणाराच ठरवितो. हे साधे अर्थशास्त्र आहे, आणि मूर्तिकाराच्या दारिद्र्याचे मूळही त्यातच आहे.

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने गणेशोत्सवास राज्य उत्सवाचा दर्जा दिला. उत्सवाला दर्जा मिळाला. मूर्तिकाराला कोणता मिळाला? केंद्राच्या २०२३ च्या विश्वकर्मा योजनेत मूर्तिकारांचा समावेश आहे. अवजारांसाठी पंधरा हजार रुपये आणि पाच टक्के व्याजाने दोन हप्त्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज, अशी तिची तरतूद आहे. तिचा लाभ जरूर घ्यावा; परंतु कर्ज म्हणजे मजुरी नव्हे, आणि म्हातारपणाची तरतूद तर नव्हेच.

देवमूर्तींशी समाजवाद्यांचा काय संबंध, असे कोणी विचारील. श्रद्धा ज्याची त्याची असते. श्रमाचा प्रश्न सर्वांचा असतो. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करणारे बाबू हरदास (१९०४-१९३९) कामठीचेच. विडी कामगारांना त्यांनी संघटित केले ते दीर्घकाळ कायद्याचे संरक्षण नसलेल्या काळात. पुढे १९६६ च्या कायद्याने घरी बसून विडी वळणाऱ्यालाही कामगार मानले. घरगुती श्रमाला मान्यता मिळविता येते, याचा हा दाखला कामठीकरांच्या घरातलाच आहे.

म्हणून मागणी दुहेरी असावयास हवी. मूर्तिकारांची कामगार म्हणून नोंद व्हावी, सहकारी संस्थेमार्फत हंगामापूर्वी उचल मिळावी आणि वृद्धापकाळी निवृत्तिवेतनाची सोय व्हावी. त्याचबरोबर नगर परिषदेने मूर्तिकारांचे एक छोटेसे संग्रहालय उभारावे. विसर्जित मूर्ती तेथे ठेवता येणार नाहीत. पण साचे, कोरण्या, छायाचित्रे, खर्च-मजुरीच्या वह्या आणि घडविणाऱ्यांची नावे ठेवता येतील. ही नावे घरोघर जाऊन गोळा करण्याचे काम शासनाच्या आदेशाची वाट न पाहता सुरू होऊ शकते. कार्यकर्त्यांनी ते येत्या हंगामापासूनच हाती घ्यावे.