शिवरायांच्या घोड्यांची वैरण



गेल्या आठवड्यात गोरेगावच्या आरे वसाहतीत एका तबेल्यावर गेलो होतो. पेंढ्याची भली मोठी गंज, आणि तिला टेकून एक गडी निवांत विडी ओढत बसलेला! त्याला आधी तिथून उठवले आणि मग शिवाजी महाराजांच्या एका पत्राची हकिकत सांगितली. तीच आज तुम्हाला सांगतो.

पत्र 1670 च्या दशकातले आहे. चिपळूणच्या बाजूला छावणीस असलेल्या घोडदळाच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना ते लिहिलेले आहे. सैन्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ढाल-तलवार येते. या पत्रात मात्र दाणा, गवत, जळण, भाजी आणि चूल आहे.

झाले होते असे की, दाभोळ सुभ्यात पागेसाठी केलेली पावसाळ्याची बेगमी लष्कराच्या मुक्कामात बरीचशी संपली. मग गडागडांवरचा गल्ला देववून कशीबशी सोय लावली. म्हणून महाराज बजावतात : आहे तोवर वाटेल तसे चाराल, तर भर पावसात काही मिळणार नाही. घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुम्ही कुणब्याचा दाणा, भाकर, गवत, लाकूडफाटा उचलू लागाल. कुणबी गाव सोडून जाईल. त्याला तुम्ही मोगलांपेक्षाही वाईट वाटाल. तेव्हा लागेल ते बाजारातून पैसे देऊन घ्या.

रोमन सैन्यातही आठ शिपायांमागे एक तंबू, एक जाते आणि ओझ्याला एक खेचर असे. माणशी रोजचा गहू किलोच्या आतबाहेर, तोही स्वतःच दळायचा. देश कोणताही असो, फौज चालते ती शेतकऱ्याच्या कणगीवर.

पत्राचा शेवटचा भाग आपल्या घरासाठीच लिहिल्यासारखा आहे. भलत्या जागी चूल मांडू नका, वाऱ्यात तंबाखूसाठी विस्तव नेऊ नका, रात्री दिवा तसाच ठेवू नका. उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवत जळेल. एवढ्या मोठ्या राजाने उंदराचाही विचार केला होता!

नोकरीच्या सुरुवातीला ठाणे जिल्ह्यातल्या एका पाड्यावर अशीच उडवी जळालेली मी पाहिली. चुलीतली राख उकिरड्यावर टाकली, आत निखारा राहिला आणि वारा सुटला. पावसाच्या तोंडावर बैलजोडी पडेल त्या भावाने विकावी लागली. जोडी नेली तेव्हा घरची बाई दाराशी आली नाही, आत बसून राहिली. त्या वर्षी त्यांची लावणी उसन्या बैलांवर, सगळ्यांच्या मागून झाली.

तेव्हा आजच हिशेब करा. एका बैलाला दिवसाला सुमारे 7 किलो सुकी वैरण धरली, तर पावसाळ्याच्या 120 दिवसांना 840 किलो लागते; म्हणजे जोडीला जवळजवळ 17 क्विंटल. हिरवा चारा मिळेल तेवढी बचत होईल. गंज घरापासून व चुलीपासून लांब, उंचवट्यावर रचा. शक्य असल्यास एकाऐवजी दोन गंजी करा, मध्ये मोकळी जागा ठेवा. राखेवर पाणी मारूनच ती बाहेर टाका.

आणि गंजीपाशी कोणी विडी पेटवलीच, तर रागावू नका. त्याला महाराजांचे पत्र सांगा. आरेतल्या गड्याने निमूटपणे विडी विझवली.