मासे मोजण्याचा खर्च

पश्चिम किनाऱ्यावर दर वर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीसाठी समुद्रात जाण्यास बंदी असते. या दिवसांत बाजारात मासळी महागते आणि सरकारी मदतीची चर्चाही सुरू होते. डिझेलचा परतावा कधी मिळणार, वादळात झालेल्या नुकसानीची भरपाई किती, नव्या बोटीचे अनुदान कोणाला, असे प्रश्न विचारले जातात. ते योग्यच आहेत. मात्र समुद्रात मासे किती उरले आहेत हे मोजण्यासाठी आणि ते टिकवण्याचे नियम पाळले जातात की नाही हे पाहण्यासाठी सरकार किती खर्च करते, हे फारसे कोणी विचारत नाही. हा प्रश्न मत्स्य विभागाइतकाच आरोग्य विभागाचाही आहे.

किनारपट्टीवरच्या गरीब घरांत प्रथिनांचा सर्वांत सोपा स्रोत मासळी हाच असतो. बांगडा किंवा तारलीच्या १०० ग्रॅम मांसातून साधारण १८ ते २० ग्रॅम प्रथिने मिळतात. ताज्या बोंबलात बराचसा भाग पाण्याचा असतो, पण तोच बोंबील वाळवला की १०० ग्रॅममागे सुमारे ६० ग्रॅम प्रथिने देतो. त्याशिवाय ब-१२ जीवनसत्त्व, आयोडिन, ड जीवनसत्त्व आणि गर्भातील बाळाच्या मेंदूच्या वाढीस लागणारी ओमेगा-३ मेदाम्ले मासळीतून मिळतात. जवळा, मांदेलीसारखी लहान मासळी काट्यासकट खाल्ली जात असल्याने कॅल्शियमही मिळते. पापलेट आणि सुरमई महागली तर हॉटेलचा दर वाढतो. तारली, बांगडा आणि सुकट महागली तर गरोदर बाई आणि वाढत्या वयाचे मूल यांच्या ताटातला मासळीचा वाटा कमी होतो. त्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. पुढे रक्तक्षयाच्या आणि कमी वजनाच्या बाळांच्या आकड्यांत त्याचा काही भाग दिसतो, पण तिथे कारणाच्या रकान्यात ‘मासळी महागली’ असे कोणी लिहीत नाही.

मदतीचे दोन प्रकार

मासेमारीला दिलेली सगळी सरकारी मदत सारखी नसते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ रशीद सुमैला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये जगभरातल्या मदतीचा हिशेब मांडला. २०१८ साली सर्व देशांनी मिळून सुमारे ३,५४० कोटी डॉलर दिले. त्यातले सुमारे २,२२० कोटी डॉलर इंधन, बोटी, इंजिने अशा मासेमारीची ताकद वाढवणाऱ्या गोष्टींवर गेले. संशोधन, व्यवस्थापन आणि संरक्षण यांसारख्या मासे टिकवणाऱ्या कामांच्या वाट्याला सुमारे १,०६० कोटी आले, म्हणजे पहिल्या रकमेच्या निम्म्याहूनही कमी.

पहिल्या प्रकारची मदत वाईटच असते, असे नाही. डिझेल महागले की लहान मच्छीमाराचा जीव मेटाकुटीला येतो, त्याला हात द्यावाच लागतो. पण समुद्रातला साठा घटत असताना फक्त इंधन स्वस्त केले तर बोट आणखी लांब जाते, जास्त वेळ जाळे ओढते आणि उरलेसुरले मासे आणखी कमी होतात. पुढच्या वर्षी तेवढीच मासळी मिळवायला जास्त डिझेल लागते आणि मागणीही जास्त अनुदानाची होते. ताप का आला हे न तपासता रोज गोळी देत राहण्यासारखेच हे आहे.

भारतात सध्याची मोठी योजना म्हणजे प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना. २०२० मध्ये २०,०५० कोटी रुपयांची म्हणून ती जाहीर झाली. त्यात केंद्राचे ९,४०७ कोटी, राज्यांचे ४,८८० कोटी आणि लाभार्थ्यांचे स्वतःचे ५,७६३ कोटी धरले होते. मुदत पुढे २०२५-२६ पर्यंत वाढवण्यात आली. राज्यांमार्फत राबवायच्या कामांचे तीन भाग पाडले होते. पहिला उत्पादनवाढीचा, दुसरा बंदरे, शीतगृहे आणि मासळी पकडल्यानंतरच्या हाताळणीचा आणि तिसरा व्यवस्थापन व नियमनाचा. योजनेचे उद्दिष्ट मात्र टनांत आणि रुपयांत सांगितले गेले. देशाचे एकूण मत्स्योत्पादन २२० लाख टनांवर आणि निर्यात एक लाख कोटींवर न्यायची होती. तळी आणि शेततळी वाढवून गोड्या पाण्यातले उत्पादन वाढवता येते. समुद्राचे तसे नाही. तिथली वार्षिक पकड गेली काही वर्षे ३५ लाख टनांच्या आसपासच आहे. २०२२ मध्ये ती ३४.९ लाख टन होती, २०२३ मध्ये ३५.३ लाख.

शितावरून भाताची परीक्षा

हे आकडे येतात कुठून? कोची येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था १९४७ साली सुरू झाली. देशाच्या किनाऱ्यावर मासळी उतरण्याची बाराशेहून अधिक ठिकाणे आहेत. प्रत्येक बोटीची टोपली मोजणे शक्य नसते. म्हणून संस्थेचे प्रशिक्षित गणक ठरावीक बंदरांवर ठरावीक दिवशी जातात, निवडलेल्या बोटींतून कोणती मासळी किती उतरली याची नोंद करतात आणि त्यावरून संख्याशास्त्राच्या आधारे संपूर्ण किनाऱ्याचा अंदाज काढतात. शितावरून भाताची परीक्षा करण्याचाच हा प्रकार, फक्त शिते पुरेशी आणि भांड्याच्या सगळ्या भागांतून घ्यावी लागतात. गणकांच्या जागा रिकाम्या राहिल्या, लहान बंदरांच्या फेऱ्या कमी झाल्या की अंदाज कच्चा होतो. राज्यांचे मत्स्य विभाग आपली स्वतंत्र आकडेवारी काढतात आणि दोन्हींचे आकडे अनेकदा जुळत नाहीत.

या मोजणीचा उपयोग केरळात दिसला. २०१२ मध्ये तिथे तारलीची पकड सुमारे ३.९ लाख टन होती. २०२१ मध्ये ती अवघ्या ३,२९७ टनांवर आली. दशकानुदशकांची नोंद हाताशी असल्यामुळेच समुद्राच्या बदलत्या तापमानाचा आणि एल निनोचा वाटा कोणता, लहान मासे ओरबाडून काढण्याचा वाटा कोणता, याचा अभ्यास शास्त्रज्ञांना करता आला. महाराष्ट्रातही २०१९ मध्ये संस्थेच्या अंदाजानुसार फक्त २.०१ लाख टन मासळी उतरली. ४५ वर्षांतला तो नीचांक होता. आदल्या वर्षी हा आकडा २.९५ लाख टन होता. त्या वर्षी अरबी समुद्रात ‘वायू’, ‘क्यार’, ‘महा’ अशी एकामागून एक वादळे झाली, त्यामुळे मासेमारीचे दिवसही घटले. पकड कमी झाली म्हणजे मासेच कमी झाले, असा थेट निष्कर्ष काढता येत नाही. किती बोटी किती दिवस समुद्रात होत्या हेही मोजावे लागते, आणि त्यालाच खर्च येतो.

याच संस्थेने २०२२ मध्ये देशभरातल्या १३५ साठ्यांची तपासणी केली तेव्हा ९१.१ टक्के साठे सुस्थितीत आढळले. ही बातमी दिलासा देणारी आहे. पण वॉर्डातल्या सगळ्या रुग्णांच्या तापमानाची सरासरी योग्य आली म्हणून कोपऱ्यातल्या खाटेवरचा ताप उतरत नाही. कोणत्या गावासमोरचा, कोणत्या जातीचा साठा घसरतो आहे हे कळायचे तर मोजणी त्या पातळीवर व्हावी लागते.

मोजणी अपुरी किंवा एकांगी असली तर काय होते, हे कॅनडाने पाहिले. न्यूफाउंडलंडच्या समुद्रातल्या कॉड माशाचे अंदाज बांधताना मोठ्या ट्रॉलरांना मिळणाऱ्या मासळीवर बराच भर दिला गेला. ट्रॉलर मासे जिथे गोळा होतात तिथेच जाऊन जाळे टाकत असल्यामुळे त्यांना भरपूर मासे मिळत राहिले. किनाऱ्याजवळ मासेमारी करणारे लहान मच्छीमार १९८०च्या दशकात मासे कमी होत असल्याचे सांगत होते. त्यांचे म्हणणे हिशेबात पुरेसे धरले गेले नाही. २ जुलै १९९२ रोजी तिथली कॉडची मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार गेला. मर्यादित स्वरूपात ती पुन्हा खुली व्हायला २०२४ उजाडले.

नियम कागदावर, जाळे पाण्यात

संशोधनाचा दुसरा उपयोग नियम ठरवण्यासाठी होतो. एकदाही अंडी न घातलेला मासा पकडला की त्याच्या पुढच्या पिढ्याही त्याच्याबरोबर जातात. म्हणून मासा प्रजननक्षम होतो त्या लांबीचा आधार घेऊन किमान आकार ठरवला जातो. केरळने २०१५ मध्ये १४ जातींपासून सुरुवात करून पुढे ५८ जातींसाठी असा आकार ठरवला. महाराष्ट्राने केंद्रीय संस्थेच्या शिफारशींवरून २०२३ मध्ये ५४ जातींसाठी तो निश्चित केला आणि त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा घोषित केले.

जाळ्याच्या आसाचेही शास्त्र आहे. ट्रॉल जाळ्याच्या शेपटाला शंकरपाळ्याच्या आकाराचे आस असले की ओढताना ते मिटतात आणि पिल्ले आत अडकतात. चौकोनी आस ताणले तरी उघडे राहतात, पिल्ले निसटतात. म्हणून ४० मिलिमीटरच्या चौकोनी आसाची शिफारस आहे. असे जाळे तयार करणे फार अवघड नाही. पण शेजारची बोट लहान आसाचे जाळे टाकत असेल आणि तिला कोणी अडवत नसेल, तर मोठ्या आसाचे जाळे घेणारा मच्छीमार स्वतःच्याच पोटावर पाय आणतो. पकडलेली पिल्ले बाजारात खपत नाहीत, ती मत्स्यचूर्णाच्या कारखान्यात जातात आणि कोंबड्यांचे किंवा कोळंबीचे खाद्य होतात. ज्या तारलीने माणसाचे जेवण व्हायचे तिची अशी भुकटी होते.

नियम पाळून घ्यायला माणसे, गस्ती नौका आणि बंदरावर तपासणी लागते. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१चा आहे, त्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन दंड वाढले. एलईडी दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. जानेवारी २०२५ पासून राज्याने ७२० किलोमीटरच्या किनाऱ्यावर ड्रोनने नजर ठेवणे सुरू केले. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर येथे एक लाख बोटींवर ट्रान्सपाँडर बसवण्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमाची सुरुवात झाली. वादळात जीव वाचवणारे हे यंत्र बोट कुठे होती हेही सांगते. ही सगळी पावले चांगली आहेत. मात्र ड्रोनने टिपलेल्या चित्रावरून खटला उभा करणारा अधिकारी जागेवर नसेल, तर नियम मोडणाऱ्याला त्याची भीती उरत नाही.

नियमांचा भार कोणावर पडतो, हेही पाहिले पाहिजे. बंदीच्या काळात गरीब, पारंपरिक मच्छीमाराला मत्स्य संपदा योजनेतून सरकार ३,००० रुपये देते आणि त्याच्या स्वतःच्या बचतीतले १,५०० रुपये त्यात घालून तीन महिन्यांत मिळून ४,५०० रुपये त्याच्या हाती येतात. दिवसाला ५० रुपये. मासे वाचवण्यासाठी घर बसलेल्या कुटुंबाच्या पोषणाची ही तरतूद आहे. मासळी विकणाऱ्या, सुकवणाऱ्या कोळिणींचा धंदाही याच काळात मंदावतो.

ताटापर्यंतचे संशोधन

संशोधनाच्या पैशाचा फायदा थेट ग्राहकालाही होतो. जुलै २०१८ मध्ये गोव्यात बाहेरून आलेल्या मासळीत फॉर्मलिन असल्याच्या संशयावरून मोठा गदारोळ झाला. फॉर्मलिन हे शव टिकवण्यासाठी वापरले जाणारे रसायन, त्यामुळे लोक घाबरले आणि मासळीबाजार ओस पडले. त्या वेळी कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने तयार केलेले कागदी पट्टीचे चाचणी संच उपलब्ध होते. मासळीतले फॉर्मलिन किंवा अमोनिया काही मिनिटांत ओळखता येण्याची ती सोय सरकारी प्रयोगशाळेतून आली होती.

अमेरिकेत १९५४च्या साल्टनस्टॉल-केनेडी कायद्यानुसार आयात मत्स्य उत्पादनांवरील जकातीच्या ३० टक्क्यांइतकी रक्कम मत्स्यव्यवसायाच्या संशोधन व विकासासाठी वळवली जाते. त्यातला मोठा भाग सरकारी विभागाच्याच कामकाजात खर्च होतो, थेट संशोधन अनुदानाला कमी उरतो, अशी टीका तिथेही होते. तरीही ठरलेल्या उत्पन्नातला ठरलेला वाटा संशोधनासाठी बांधून ठेवण्याची कल्पना घेण्यासारखी आहे. भारत समुद्री मासळीची मोठी निर्यात करतो, त्या उत्पन्नाचा छोटासा अंश मोजणीसाठी राखणे अवघड नाही.

आता त्याला आंतरराष्ट्रीय कारणही आहे. जागतिक व्यापार संघटनेचा मासेमारी अनुदानविषयक करार १५ सप्टेंबर २०२५ रोजी लागू झाला. प्रमाणाबाहेर उपसलेल्या साठ्यांवरच्या मासेमारीला तो मदत नाकारतो, मात्र साठा सावरण्याचे उपाय सुरू असतील तर सवलत देतो. करार लागू झाला तेव्हा तो स्वीकारणाऱ्या देशांत भारत नव्हता. लहान मच्छीमारांना मोठ्या देशांच्या औद्योगिक ताफ्यांच्या पंक्तीला बसवू नये, ही भारताची भूमिका रास्त आहे. पण आपले साठे सुस्थितीत आहेत, किंवा सावरत आहेत, हे उद्या सांगावे लागले तर त्यासाठी जातवार, किनारावार आणि खात्रीची आकडेवारीच लागेल.

पुढची मोठी योजना आखताना तीन गोष्टी करता येतील. बोटी आणि बंदरांवरच्या खर्चाबरोबर मोजणी व अंमलबजावणीचा वाटा टक्केवारीत ठरवून द्यावा आणि दर वर्षी तो खर्च झाला का हे जाहीर करावे. केंद्र आणि राज्य यांच्या आकडेवारीचा मेळ घालून ती बंदरनिहाय लोकांसमोर ठेवावी, म्हणजे मच्छीमार सोसायट्यांना ती तपासता येईल. आणि बंदीच्या काळातली मदत कुटुंबाच्या पोषणाचा हिशेब करून ठरवावी. तारली, बांगडा आणि बोंबील स्वस्त राहिले तर किनाऱ्यावरच्या अनेक घरांना पोषणाची वेगळी योजना लागणार नाही.